पणजोबांचे मूळ गाव कोणत्या दप्तरात सापडेल?

पत्र: मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे घराणे शेतकऱ्याचे. माझ्या आजोबांचे वडील उकंडाजी हे मूळचे वर्धा नदीच्या पलीकडचे, वऱ्हाडातले. मोठ्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून ते अलीकडे आले, असे घरात सांगतात. पलीकडचे गाव कोणते, हे कोणालाच ठाऊक नाही. उकंडाजींच्या पत्नीचे, म्हणजे माझ्या पणजीचे, नावही कोणाला आठवत नाही. आजोबांनी आर्वी शहरात एक लहानसे घर घेतले होते, ते पुढे विकले. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पेटीत काही पावत्या आणि मोडीतला एक कागद निघाला. एका कार्यालयात विचारणा केली, तेव्हा ‘जुने रेकॉर्ड जीर्ण झाले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. भाऊबंदांपैकी एकजण म्हणतात, हिस्सा मागायचा असेल म्हणूनच ही शोधाशोध चालली आहे. मला फक्त आमचे गाव आणि पणजीचे नाव हवे आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मूळ गाव हवे आहे, त्यामुळे साहजिकच तुमचे लक्ष नदीपलीकडे लागले आहे. माझा पहिला आग्रह असा की, निदान सहा महिने तरी कागदोपत्री नदी ओलांडू नका. तहसिलीच्या अभिलेख कक्षात नकला काढून देण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि तिथे आलेल्या माणसांची जी निराशा मी पाहिली, तिचे कारण बहुतेक वेळा एकच होते: घरातली आख्यायिका हातात धरून ती माणसे थेट शंभर-सव्वाशे वर्षे मागे उडी घेत आणि मग कोणत्या गावाचे, कोणत्या सालाचे पुस्तक मागावे, हेच त्यांना सांगता येत नसे. तुम्ही स्वतःपासून निघून एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक पायरीवर निदान एक कागद हाती आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. वडिलांचा कागद आजोबांचे गाव सांगेल, आजोबांचा कागद उकंडाजींचे गाव सांगेल आणि उकंडाजींचा कागद त्यांच्या वडिलांचे नाव सांगेल. ते नाव हाती नसताना पलीकडे गेलात, तर तिथल्या निम्म्या गावांत तुम्हाला एक तरी उकंडा भेटेल आणि त्यातला तुमचा कोणता, हे कधीच कळणार नाही.

या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते नावच एक नोंद आहे. उकंडा म्हणजे उकिरडा. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम असे ठेवीत. दगडू, कचरू, फकीरा ही नावे त्याच जातीची. मूल टाकाऊ आहे असे समजून काळाने त्याच्याकडे पाठ फिरवावी, ही त्यामागची समजूत. याचा अर्थ उकंडाजींच्या आधी त्या माउलीची एक-दोन लेकरे गेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि शाळेत किंवा शेतीच्या कागदावर त्यांचे दुसरेच नाव असण्याचाही संभव आहे. शोधताना एकाच नावाला चिकटून राहू नका.

भाऊबंदांच्या शंकेचा विचार आधी करा, कारण ती पुढे खरोखर आडवी येते. वंशावळीसाठी लागणारे कागद आणि हिश्श्याच्या दाव्यासाठी लागणारे कागद पुष्कळदा तेच असतात, तेव्हा त्या गृहस्थांना वाटलेली धास्ती अगदीच निराधार नाही. त्यांच्या घरी जाऊन बसा, तुम्ही कोणते कागद काढणार आहात ते सांगा, आणि मिळालेल्या प्रत्येक नकलेची झेरॉक्स त्यांना द्यायचे कबूल करा. अशा घरांतून पुढे फार मोलाची मदत मिळालेली मी पाहिली आहे, कारण जुनी पेटी बहुधा त्यांच्याकडेच असते. त्याच फेरीत घराण्यातल्या सर्वांत वयस्क आत्याबाई किंवा मावशी गाठा. त्यांना ‘मूळ गाव कोणते’ असे विचारू नका. ते त्यांना ठाऊक असते तर तुम्हाला आतापर्यंत कळले असते. पोरांचे जावळ कुठे काढीत, कुळाचा देव कोणत्या शिवारात आहे, कोणाकडचे सुतक पाळीत, कौंडण्यपूरच्या कार्तिकी यात्रेत पलीकडची कोणती माणसे भेटायला येत, लग्नात पहिली पत्रिका कोणत्या गावी जाई, हे विचारा. कौंडण्यपूर नदीच्या पलीकडच्या काठावर, तिवसा तालुक्यात आहे, आणि दोन्ही काठांची माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या जमत आली आहेत. गावाचे नाव विसरलेल्या घरातही देवाची आणि सुतकाची आठवण टिकून राहते.

पेटीतल्या कागदांना चिकटपट्टी लावू नका आणि मोडी कागद कृपा करून लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि त्याबरोबर शाईही जाते. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून कागद सुती कापडात ठेवा. पावत्या शेतसाऱ्याच्या असतील, तर त्यांवर मौजा (म्हणजे गाव), पटवारी हलका (म्हणजे एका पटवाऱ्याकडचा गावांचा गट) नंबर आणि साल एवढे बहुधा मिळेल, आणि तहसिलीतल्या पहिल्या अर्जाला तेवढे पुरते. मोडी वाचून घेताना जाणकाराला आधी मिती वाचायला सांगा. शके दिलेले असेल, तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वऱ्हाडातल्या जुन्या कागदावर फसली सन, म्हणजे महसुली साल, असेल, तर सुमारे ५९० मिळवावे लागतात. मोडी दिसते म्हणून कागद पेशवाईतला समजू नका. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातही आपल्याकडे रोजचे व्यवहार मोडीत लिहिले जात.

आता कागदांकडे वळू. पहिला अर्ज शाळेत करा. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा दाखल-खारीज रजिस्टर काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजोबा ज्या शाळेत गेले असतील, तिथल्या रजिस्टरमध्ये त्यांचे नाव, पालकाचे नाव, राहण्याचे गाव आणि जन्मतारीख मिळेल. ती जन्मतारीख मात्र खरी मानू नका. मूल नाव घालायला आले की गुरुजी त्याचे वय अदमासाने ठरवीत आणि १ जूनची किंवा १ जुलैची तारीख टाकीत. आजोबांचा जन्म शाळेच्या कागदावर १९२२ चा असेल, तर कोतवाल बुकात तो १९१९ पासून १९२५ पर्यंत शोधायचा.

कोतवाल बुकाविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्यासारख्या घराण्याचा खरा इतिहास तिथेच आहे. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघाले, राजेरजवाड्यांच्या बखरी झाल्या. कास्तकाराच्या आणि मजुराच्या घरचे जन्म-मृत्यू मात्र या एकाच पुस्तकात उतरले. गावचा कोतवाल ठरलेल्या वारी पोलीस ठाण्यात हजेरीला जाई आणि मागच्या हजेरीपासून गावात कोण जन्मले, कोण मेले, याची वर्दी देई. कोतवाल बहुतेक महार समाजातले असत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख मिळू दिलेली नव्हती. सारी खबर तोंडपाठ धरून, चिखल तुडवीत, चार-सहा कोस चालत जाऊन ते ती सांगत आणि ठाण्याचा लेखनिक पुस्तकात लिहून घेई. आज तालुक्यातला प्रत्येक समाज आपला पुरावा ज्या पुस्तकात शोधतो, ते पुस्तक या माणसांच्या स्मरणावर उभे आहे. ते उघडताना हे ध्यानात असू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

पुस्तक आडव्या रकान्यांचे असते. जन्माच्या पानावर तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी. मृत्यूच्या पानावर मृताचे नाव, वय आणि कारण. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोध लिपीत. तुम्ही आजोबांचे नाव शोधीत पान उलटाल आणि ते तुम्हाला दिसणार नाही, कारण जन्माची वर्दी जाई तेव्हा बारसेच झालेले नसे. तिथे ‘उकंडा वल्द लखू यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असेल (लखू हे नाव मी उदाहरणादाखल घेतले आहे). आडनावही बहुधा नसते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा. हे तीन शब्द पाठ करून जा. ‘वल्द’नंतरचे नाव हे तुमचे पहिले मोठे धन आहे, कारण ते तुमच्या खापरपणजोबांचे नाव आहे आणि पुढे नदीपलीकडच्या गर्दीत तुमचा उकंडा ओळखण्याची तीच खूण आहे.

एक नोंद सापडली म्हणून थांबू नका. उकंडाजींच्या घरचे सगळे जन्म, पंधरा-वीस वर्षांचे, क्रमाने वहीत उतरवून घ्या. मग मृत्यूची पाने तितक्याच सालांची पाहा. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपाशी आलात की पाने अचानक दाट झालेली दिसतील. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मृत्यू, तिथे एका दिवसात तितके, आणि कारणाच्या रकान्यात खाली खाली एकच शब्द, ‘ताप’. ती एन्फ्लुएंझाची साथ होय. मध्यप्रांत-वऱ्हाडात तिने फार माणसे नेली. उकंडाजी तेव्हा विशीतले असतील. त्यांचे आईवडील किंवा पहिली पत्नी त्या पानांत असू शकते, आणि त्या पानांत नाव सापडले तर दुसऱ्या लग्नाचा प्रश्न उभा राहतो, म्हणजे तुमची पणजी दोघींपैकी कोणती, हे ठरवणे भाग पडते. म्हणून जन्मांची यादी आधी हवी.

ही पुस्तके तहसिलीच्या अभिलेख कक्षात असतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला; त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत पाहाव्यात. तुमचे गाव आज ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात ते पूर्वी होते, असेही गृहीत धरू नका. आष्टी आणि कारंजा हे तालुके पूर्वी आर्वीतच होते, त्यामुळे तिकडची जुनी पुस्तके आर्वीत राहून गेलेली असू शकतात. विदर्भात हा घोळ सर्वत्र आहे. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होते, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, आणि वाशीम हा जिल्हा १९०५ मध्ये मोडून १९९८ मध्ये पुन्हा झाला. जुना कागद जुन्या जिल्ह्याच्या कपाटात राहतो.

शेतीचे कागद वाचताना नदी ही केवळ नदी नसून दोन राज्यांची शीव होती, हे लक्षात ठेवा. तुमचा काठ नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि तिथे मालगुजारी पद्धत बसवली, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. पलीकडचा काठ निजामाच्या वऱ्हाडाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या पद्धतीची, मोजणी झाली. १९०३ पासून दोन्ही भाग एका प्रांताच्या कारभाराखाली आले, तरी दप्तरे वेगळीच राहिली. व्यवहारात याचा अर्थ असा की, वऱ्हाडात शेतकऱ्याचे नाव सर्व्हे नंबरासमोर खातेदार म्हणून सरळ येते. तुमच्याकडे गावाच्या माथ्यावर मालगुजाराचे नाव असते आणि खाली मालिक मकबुजा, मौरूसी, साधारण, शिकमी अशा प्रतींत, म्हणजे जमिनीवरच्या हक्काच्या दर्जांप्रमाणे, कास्तकारांची नावे असतात. बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे सारा ठरवतानाच्या फाईलीत, गावाचा खसरा (शेतवार यादी), जमाबंदी (साऱ्याचा तक्ता) आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटीचा दस्त, एकत्र सापडतो. त्यात उकंडाजींच्या वडिलांचे नाव कोणत्याही प्रतीत आले, तर ते त्या सालापूर्वी गावात जमीन कसत होते, हे सिद्ध झाले. नाव नसेल, तर ते आलेले नव्हते असे मात्र ठरत नाही. दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला किंवा सालदार म्हणून असलेल्या माणसाचे नाव या कागदांत येतच नाही, आणि दुष्काळात आलेला माणूस पहिली दहा-पंधरा वर्षे बहुधा तसाच राहिला असणार.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि त्यानंतरचे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख हा तुमच्या कामाचा दुसरा टप्पा. त्या कागदांच्या माथ्यावर ‘मध्यप्रदेश’ लिहिलेले पाहून बिचकू नका. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणून काही छापील रकाने हिंदीत आणि भरलेला मजकूर मराठीत, असे कागद मिळतात.

पणजीच्या नावासाठी मात्र माझी सगळी भिस्त फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या कागदावरचे नाव बदलल्याच्या नोंदीवर, आहे. उकंडाजी वारल्यावर त्यांच्या शेताला वारसांची नावे चढली असतील, आणि ती चढवताना तलाठ्याने मृत्यूची तारीख, वारसांची नावे, नाते आणि पुष्कळदा वयही लिहिलेले असते. मृत्यू १९५६ नंतरचा असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यामुळे विधवा आणि मुलीही वारस ठरतात, आणि मग ज्या लेकी लग्न होऊन गेल्यावर घराच्या आठवणीतून पुसल्या गेल्या, त्या सासरच्या नावानिशी तिथे हजर असतात. आजच्या सातबारावर फेरफार क्रमांक वर्तुळात दिलेले असतात. सर्वांत जुना क्रमांक घ्या, त्याची नक्कल मागा, तिच्यातून त्याआधीचा दुवा काढा. मृत्यूच्या नोंदीत बाई ‘जौजे उकंडा’ एवढीच उरते, फेरफारात मात्र तिला सही किंवा अंगठा करावा लागतो, म्हणून तिथे तिचे नाव येते. एका फेरफारावर मी असा अंगठा पाहिला होता: निळ्या शाईचा, कडेला किंचित ओघळलेला, आणि शेजारी कारकुनाने लिहिलेले ‘निशाणी अंगठा’ आणि त्या बाईचे नाव. नक्कल घेणाऱ्या नातवाने आजीचे नाव आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचले. पणजी आधीच वारली असेल, तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमाराच्या मतदार याद्या जिल्हा निवडणूक शाखेत विचारून पाहा. त्या वेळी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, तेव्हा तिथेही खात्री नाही.

आर्वीच्या घराकडे तुम्ही पत्रात जाता जाता बोट दाखवले आहे. मी तुमच्या जागी असतो, तर त्याला पुष्कळ महत्त्व दिले असते. शहरातल्या घराचे तीन ठिकाणी कागद असतात. नगर परिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत वॉर्ड, घर क्रमांक, मालकाचे आणि राहणाऱ्याचे नाव असते. जागा नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी मालकीची, असेल, आणि आपल्याकडच्या जुन्या शहरांत ती पुष्कळदा असते, तर पट्ट्याची फाईल नझूल शाखेत आणि आखीव पत्रिका, म्हणजे शहरी जागेचा मिळकतीचा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयात. तिसरे ठिकाण दुय्यम निबंधकाचे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दस्त ज्या पुस्तकात उतरवतात, ते पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. सूची क्रमांक १ मध्ये पक्षकारांच्या नावांनी शोध घेता येतो, सूची क्रमांक २ मध्ये मिळकतीवरून. खरेदीखत मिळाले की रकमेपेक्षा दोन गोष्टी आधी वाचा. एक, पक्षकाराचे वर्णन: बापाचे नाव, जात, धंदा, ‘राहणार मौजे अमुक’. दुसरी, चतुःसीमा. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस विकणाराचे राहिलेले आवार, दक्षिणेस अमक्याचे घर, उत्तरेस तमक्याची मातीची भिंत’, अशा ओळीतला दक्षिणेचा अमका कोण, हे शोधा. खेड्यातून शहरात घर घेणारा माणूस अनोळखी गल्लीत सहसा घर घेत नसे. आधी येऊन स्थिरावलेला मेहुणा, साडू किंवा गाववाला शेजारी असे. साक्षीदारांच्या सह्यांचेही तेच. तुमच्या आजोबांचा शेजारी किंवा साक्षीदार पलीकडच्या एखाद्या गावचा निघाला, तर नदी ओलांडायला तुम्हाला पहिला उतार मिळाला, असे समजा.

दुष्काळाची आठवणही एकदा तपासून घ्यावी लागेल. त्या काळात दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. पहिल्याची झळ वऱ्हाडाला तुलनेने कमी लागली. दुसरा मात्र दोन्ही काठांवर कडक होता. उकंडाजी वऱ्हाडातून कडेवर आले असतील, तर दुसराच अधिक संभवतो. पण मग प्रश्न उरतो की, अलीकडेही अन्न नसताना ती माउली इकडे का आली? इथे तिचे माहेर असेल, दीर-जाऊ असतील, किंवा सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला ते कुटुंब आले असेल. माहेर असेल, तर कुळाचे मूळ गाव पलीकडे आणि आजोळ अलीकडे, असा उलगडा होतो आणि तुमच्याच गावच्या मिसलीत तिच्या भावाचे नाव असू शकते. आठवण खोटी आहे, असे मी म्हणत नाही. घरच्या आठवणी बहुधा खऱ्या असतात, फक्त त्यांतले साल आणि कारण सरकलेले असते.

एवढे झाल्यावर नदी ओलांडा. आर्वीसमोरचा तिवसा-धामणगाव हा पट्टा इंग्रजी अमदानीत चांदूर तालुक्यात मोडत असे, तेव्हा जुन्या नोंदींच्या चौकशीत चांदूर रेल्वेचे नाव सोडू नका. अमरावती जिल्ह्याचे पुष्कळ जुने सातबारा आणि फेरफार महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, ते घरबसल्या पाहून घ्या. वऱ्हाडात पाटील-पटवाऱ्यांची कामे वंशपरंपरेने चालत, त्यामुळे त्यांच्या वारसांच्या माळ्यावर कापडाच्या रुमालात बांधलेली दप्तरे अजूनही निघतात. गावात गेल्यावर तेही घर विचारा, मात्र हात रिकामे ठेवून जा आणि फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वर, प्रयाग किंवा गयेला घरातले कोणी अस्थी घेऊन गेले असेल, तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत गाव आणि तीन पिढ्यांची नावे मिळू शकतात. भाटांच्या, म्हणजे वंशावळी राखणाऱ्यांच्या, वहीतली नजीकच्या चार-पाच पिढ्यांची नावे घ्यावीत. त्यामागे ती वही एखाद्या राजकुळापर्यंत जाऊ लागली, तर ते सोडून द्यावे. नागपूरच्या पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार उत्तम आहे, पण एका शेतकरी घराचे नाव शोधायला तिथे जाणे हा तुमच्यासाठी शेवटचा उपाय. जनगणनेच्या मूळ पत्रकांच्या मागे तर लागूच नका. जनगणना कायद्यानुसार ती पाहायला मिळत नाहीत.

राहिला ‘जीर्ण झाले आहे’ या उत्तराचा प्रश्न. हे उत्तर मी माझ्या नोकरीत खरे म्हणूनही ऐकले आहे आणि शिडीवर चढायचा कंटाळा म्हणूनही. जीर्ण असणे आणि नसणे यांत फरक आहे. तोंडी विचारू नका. गावाचे नाव, पटवारी हलका, नोंदवहीचा प्रकार आणि सालांचा पल्ला लिहून, कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नक्कल देता येण्याजोगी पाने नसतील, तर माहिती अधिकाराखाली प्रत्यक्ष पाहणीची मागणी करा. कागद पाहण्याचा हक्कही त्या कायद्यात आहे, आणि उत्तर ३० दिवसांत यावे लागते. नोंदवही नष्ट केली असे म्हणत असतील, तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागा. दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात. ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे. अभिलेखपालाशी भांडू नका. एका माणसाकडे दोनशे गावांची गाठोडी असतात आणि जातपडताळणीच्या हंगामात त्याच्या दाराशी रांग असते. तो हंगाम टाळून, पावसाळा संपल्यावर, गाठोडी कोरडी झालेली असताना जा. मुखपृष्ठाचा, गावाच्या नावाचा आणि सालाचा फोटो नोंदीच्या पानाइतकाच जरूर घ्या, कारण साल नसलेले पान पुढे कोणालाही पटवता येत नाही.

शेवटी तुमच्या वहीसंबंधी. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले ते लिहा: कोणाच्या तोंडून, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या सालच्या. पटलेले नाव शाईने आणि अंदाजाचे पेन्सिलीने. मृत्यूच्या पानांवर उकंडाजींच्या घरची ‘मुलगी, वय ८ दिवस’ अशासारखी एखादी नोंद तुम्हाला बहुधा दिसेल. तिचे नाव कोणी ठेवले नव्हते, म्हणून तिला गाळू नका. वंशावळीत तिच्या भावंडांच्या ओळीत तिची जागा ठेवा आणि तिथे तारीख लिहा. मोडी कागदाचे फोटो मात्र मला आताच पाठवा, मिती आणि गावाचे नाव तेवढे मी वाचून कळवीन.